मूळ प्रत कुठे आहे?

जळगावला आमच्या मामांकडे जेवायला बसलं की तोंड सांभाळून बोलावं लागे. कुणी सहज म्हणालं, "अमक्याने भावाला घराबाहेर काढलं म्हणे," की मामा हातातला घास तसाच धरून विचारत, "तू देखं का आयकं?" पाहिलंस, की ऐकलंस? अहिराणीतल्या या दोन शब्दांवर त्यांनी चाळीस वर्षं वकिली केली. मामी म्हणत, "जेवा आधी, उलटतपासणी नंतर." ताटात पुष्कळदा फौजदारी डाळ असे. खानदेशात झणझणीत डाळीला हे नाव आहे. दिवाणी डाळ का नसते, असं मी लहानपणी विचारलं होतं. मामा म्हणाले, "ती शिजायला तीन पिढ्या लागतात."

त्यांचा दुसरा प्रश्न याहून जड होता: "मूळ प्रत कुठे आहे?" लग्नाची पत्रिका असो, शेताचा नकाशा असो, कुणाच्या आजोबांच्या मोठेपणाची कथा असो, मामांना नक्कल चालत नसे. मी पत्रकार झालो तेव्हा त्यांनी मला एकच सल्ला दिला. "धुळ्याला जा. तिथे एका वकिलाने बांधलेलं देऊळ आहे, ते बघून ये. देव दिसणार नाही, दप्तर दिसेल."

जळगावाहून एरंडोल, पारोळा मागे टाकत धुळ्याला पोचायला नव्वदेक किलोमीटर. एके काळी दोन्हींचा जिल्हा एकच होता, खानदेश, आणि त्याचं ठाणं धुळे. १८१८ नंतर कॅप्टन ब्रिग्जने इथे कचेरी आणली आणि सरळ रेषेत गल्ल्या आखल्या. धुळ्यात आजही पत्ता सांगताना गल्लीचा नंबर सांगतात. १९०६ साली खानदेशाची वाटणी झाली. पूर्व खानदेश जळगावला गेला, पश्चिम खानदेश धुळ्याला राहिला. वाटणीचे दावे लढणाऱ्या मुलखाची स्वतःचीच वाटणी झाली, असं मामा म्हणत.

मामांनी सांगितलेलं देऊळ म्हणजे श्रीसमर्थ वाग्देवता मंदिर. तिथला गाभारा कागदांचा आहे: रामदासी मठांतून गोळा केलेली बाडं, पोथ्या, पत्रं. समर्थ रामदासांच्या हातचं मानलं जाणारं वाल्मीकी रामायणही इथेच जपलं आहे. ज्यांनी हे उभारलं ते शंकर श्रीकृष्ण देव. धुळेकरांचे नानासाहेब, संप्रदायातल्या मंडळींचे समर्थभक्त. काँग्रेसचे पुढारी शंकरराव देव ते हे नव्हेत. नावाच्या सारखेपणामुळे लेखांमधून या दोघांची गल्लत होत राहते. ओळखपरेडीत साक्षीदार चुकतो तो असाच.

नानासाहेबांचा जन्म १० ऑक्टोबर १८७१ चा. वर्षभराने, १ सप्टेंबर १८७२ ला, भारतीय पुरावा कायदा लागू झाला. बी. ए., एलएल. बी. होऊन धुळ्यात वकिली करणारा हा माणूस त्या कायद्याच्या बरोबरीने वाढला. १८९३ साली, वयाच्या बाविशीत, त्यांनी धुळ्यात सत्कार्योत्तेजक सभा काढली. नाव त्या काळाला शोभेसं, भारदस्त. काम मात्र पायपिटीचं. मठ गाठायचे, मठपतींचा विश्वास मिळवायचा, फडक्यातली बाडं उघडायची आणि त्यांची नोंद करायची. वसुलीचे दावे चालवणारा वकील गावोगाव सगळ्यांना ठाऊक होता. पोथ्या मागत फिरणारा वकील पाहून मठपतींना काय वाटलं असेल, याचा विचार मी त्या मंदिरात उभा राहून बराच वेळ केला.

त्यांच्यापुढचा मुख्य प्रश्न दासबोधाचा होता. वीस दशकं, प्रत्येकात दहा समास, सात हजार सातशे एक्कावन्न ओव्या. घरोघर वाचला जाणारा हा ग्रंथ शेकडो हातांनी उतरवला होता. नक्कल करणारा भाविक असला तरी डुलकी त्यालाही लागते. कुठे ओळ सुटते, कुठे अवघड शब्दाच्या जागी ओळखीचा शब्द येतो, कुठे पानाच्या समासात लिहिलेली टीप पुढच्या नकलेत मजकूर होऊन बसते. अशा वेळी भक्त म्हणेल, भाव महत्त्वाचा. वकील विचारील, मूळ प्रत कुठे आहे?

त्या प्रश्नाचं उत्तर सीना नदीकाठच्या डोमगावच्या मठात होतं. समर्थांनी सांगावं आणि शिष्य कल्याणस्वामींनी लिहावं, ही परंपरा सगळ्यांना माहीत आहे. डोमगाव हा त्या कल्याणस्वामींचा मठ; त्यांची समाधीही तिथेच. मठात जपलेली प्रत कल्याणांच्या हातची आणि खुद्द समर्थांनी तपासलेली, अशी तिची ख्याती. या प्रतीवरून नानासाहेबांनी १९०५ साली धुळ्याहून दासबोध छापून काढला. दासबोधाच्या शुद्ध पाठाची चर्चा तेव्हापासून आजपर्यंत या आवृत्तीपाशी थांबल्याशिवाय पुढे सरकत नाही.

मी मामांना हे सांगितलं तेव्हा ते आरामखुर्चीत ताठ बसले. "हा तर कलम नव्वदचा मामला आहे!"

कलम नव्वद असं: तीस वर्षांहून जुना दस्त जिथून यायला हवा तिथूनच, म्हणजे योग्य ताब्यातून, कोर्टात आला, तर त्यावरचं अक्षर ज्याचं म्हणून सांगितलं जातं त्याचंच आहे, असं कोर्ट धरून चालू शकतं. लिहिणारा मेला, साक्षीला सही करणारे मेले. मग अक्षर ओळखायला आणायचं कुणाला? कायदा म्हणतो, ताबा बघा. शेताचा जुना कागद शेतमालकाच्या पेटीत मिळाला तर ठीक, परक्याच्या माळ्यावर मिळाला तर तो तिथे गेला कसा ते सांगा. कल्याणस्वामींच्या हातची पोथी कल्याणस्वामींच्याच मठात, शिष्यपरंपरेच्या ताब्यात. याहून योग्य ताबा कोणता? "पण एक लक्षात ठेव," मामा बोट उचलून म्हणाले. "कोर्ट धरून चालू शकतं, असं कलमात आहे. धरलंच पाहिजे, असं नाही. तेवढी फट कायद्याने मुद्दाम ठेवली आहे." आता १ जुलै २०२४ पासून पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला आणि नव्वदचं ब्याण्णव झालं. मामांच्या काळात मात्र ते नव्वदच होतं.

नानासाहेबांचं दुसरं मोठं काम म्हणजे स्थळपंचनामाच. दासबोधाचं लेखन जिथे झालं ती शिवथरची घळ त्यांनी १९३० साली महाडच्या डोंगरांत शोधून काढली. जुन्या कागदांतले उल्लेख हाती घेऊन डोंगर धुंडाळायचा आणि वर्णन जमिनीशी जुळवायचं. पंच सोबत घेऊन घटनास्थळी जाणारा फौजदार वेगळं काय करतो? आज तिथे धबधब्याच्या कडेने पायऱ्या चढून जाणाऱ्या भाविकांना हा शोध धुळ्याच्या एका वकिलाचा आहे, हे क्वचितच ठाऊक असतं. ‘रामदास आणि रामदासी’ या ग्रंथमालेतून त्यांनी संप्रदायाचे कागद एकामागून एक प्रसिद्ध केले. २३ एप्रिल १९५८ ला ते गेले. वकिलीतल्या कुठल्या खटल्यासाठी त्यांचं नाव घेतलं जात नाही. एकच पक्षकार त्यांनी आयुष्यभर सांभाळला, तो तीनशे वर्षांपूर्वीचा.

इथवर ऐकून मामा म्हणाले, "छान. आता उलट बाजू मांड. नाहीतर हा लेख नव्हे, सत्कार समारंभ झाला."

उलट बाजू अशी. भक्त हा हितसंबंधी साक्षीदार असतो. त्याला जे खरं ठरावंसं वाटतं त्याच दिशेला नजर झुकते. शिवाजी महाराज आणि समर्थ यांची पहिली भेट कधी झाली, हा मराठी इतिहासातला जुना आणि तापलेला वाद. देवांची बाजू १६४९ ची, म्हणजे स्वराज्याच्या आरंभापासून गुरुशिष्यसंबंध मानणारी. समोरची बाजू १६७२ ची, म्हणजे राज्याभिषेकाच्या जेमतेम दोन वर्षं आधीची. ती मांडणाऱ्यांत त्याच धुळ्याचे अभ्यासक गोविंद काशीनाथ चांदोरकर होते. दोन्ही पक्षांनी कागद काढले, अक्षरं तपासली, तिथी मोजल्या. आजचे बरेच इतिहासकार १६४९ ची गोष्ट मानत नाहीत. तेव्हा ज्या प्रश्नावर नानासाहेबांची श्रद्धा सगळ्यांत जास्त गुंतली होती, त्याच प्रश्नावर काळाच्या कोर्टात त्यांची बाजू लंगडी पडली.

मामांचं मत विचारलं. ते म्हणाले, "हितसंबंधी आहे म्हणून साक्ष फेकून देत नाहीत. ती जास्त बारकाईने तपासतात. आणि तपासायला कागद हवेत ना? ते ठेवले कुणी?" मला या माणसाचं मोठेपण इथे सापडलं. मूळ प्रत जपणारा माणूस स्वतःविरुद्धचा पुरावाही जपत असतो. नुसता भक्त असता तर नको ते बाड नदीत गेलं असतं. नुसता वकील असता तर पक्षकाराच्या फायद्याचे तेवढेच कागद दाखल झाले असते. देवांनी दप्तर उभं केलं आणि उलटतपासणीचं दार पुढच्यांसाठी उघडं राहिलं.

धुळ्याला ही सवय एकट्या देवांमुळे लागली नाही. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे अखेरच्या काळात धुळ्यात होते आणि ३१ डिसेंबर १९२६ ला तिथेच वारले. आयुष्यभर कागदांमागे फिरलेल्या या माणसाच्या मागे संसार नव्हता, दप्तर होतं. ते कुणाचं? गावातल्या मंडळींनी वारसाचा अर्ज येण्याची वाट पाहिली नाही. नवव्या दिवशी, ९ जानेवारी १९२७ ला, राजवाडे संशोधन मंडळ स्थापन झालं. त्यात पुढाकार भास्कर वामन भट यांचा. तेही पेशाने वकील. बापाच्या मागे दहावा होण्याआधी पेटीवरून भांडणारी मुलं ज्यांनी कोर्टात रोज पाहिली, त्यांनी एका निपुत्रिक म्हाताऱ्याच्या कागदांना अख्खं गाव वारस म्हणून लावून दिलं.

आणि पाच वर्षांनी याच गावात एक ग्रंथ जन्मला, तोही तुरुंगात. १९३२ साली धुळ्याच्या कारागृहात विनोबा होते, साने गुरुजी होते. २१ फेब्रुवारी ते १९ जून, दर रविवारी विनोबा कैद्यांपुढे गीतेवर बोलले. अठरा अध्यायांची अठरा प्रवचनं. साने गुरुजींनी ती भराभर उतरवून घेतली. पुढे विनोबांनी ती नजरेखालून घातली आणि ‘गीता प्रवचने’ तयार झाली. एक बोलतो, दुसरा लिहितो, बोलणारा तपासतो. डोमगावच्या प्रतीची कथा पुन्हा घडली, धुळ्यात, कैद्यांच्या बराकीत. साने गुरुजी नसते तर आपल्यापुढे काय आलं असतं? "आयकं," मामा म्हणाले. नुसतं ऐकीव.

पण खानदेशात धर्म आणि कायदा यांची गाठ पोथीच्या आड निवांत पडली, असं लिहून थांबलो तर मी खोटी साक्ष देईन. १९२९ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर सरकारी समितीच्या कामासाठी धुळ्याकडे आले होते; अस्पृश्यांवरच्या बहिष्काराची चौकशी करायची होती. परतताना चाळीसगावला वस्तीतल्या लोकांनी त्यांना आग्रहाने ठेवून घेतलं. स्टेशनाबाहेर एकही टांगेवाला या प्रवाशाला घेऊन जायला तयार होईना. कारण उघड होतं, ती त्याची जात. टांगा देऊ, पण हाकणार नाही, असा तोडगा निघाला. हाकायला बसलेल्या माणसाला सवय नव्हती. पुलावर चाक कडेच्या दगडावर आदळलं, टांगा घोड्यासकट नदीत पडला, बाबासाहेब दगडी फरशीवर आपटले आणि पाय मोडला. कोर्टात ज्यांचं म्हणणं न्यायाधीश मान देऊन ऐकत, त्या बॅरिस्टराला रस्त्यावर टांगेवाल्याने नाकारलं. हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं आहे. मूळ प्रत त्यांचीच.

३१ जुलै १९३७ ला ते पुन्हा धुळ्यात आले, खटल्याच्या कामासाठी. मुक्काम लळिंग किल्ल्याजवळच्या लांडोर बंगल्यात. त्या दिवसाची आठवण म्हणून दर ३१ जुलैला तिथे माणसांची रीघ लागते. भर पावसाळ्यात, चिखल तुडवत, लेकराबाळांना घेऊन लोक येतात. एका वकिलाच्या मुक्कामाची यात्रा होते, हे मी दुसरीकडे पाहिलं नाही. वाग्देवता मंदिरात श्रद्धेने कागद जपला. लळिंगच्या माळावर एक तारीख श्रद्धेने जपली. धुळ्याच्या वकिलीचा इतिहास लिहायचा तर दोन्ही निशाण्या दाखल करायला हव्यात.

जळगावचा बाज वेगळा आहे. सोनं, केळी आणि कापूस यांचं गाव, व्यवहार रोखठोक. इथला श्रीरामाचा रथ कार्तिकी एकादशीला निघतो, तो १८७२ पासून. म्हणजे पुरावा कायदा आणि रामाचा रथ दोन्ही एकाच साली मार्गी लागले. मामा दर वर्षी या योगायोगाची आठवण करून देत आणि कोट न घालता रथाच्या दोराला हात लावून येत. जळगावच्या कोर्टात प्रतिभा पाटील यांनी वकिली केली. १९६२ साली, सत्ताविसाव्या वर्षी, त्या आमदार झाल्या आणि २००७ साली राष्ट्रपती. इथल्याच मणियार लॉ कॉलेजात शिकलेल्या आणि इथेच सरकारी वकील म्हणून उभे राहिलेल्या उज्ज्वल निकम यांच्याकडे पुढे १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांचा आणि २६/११ चा खटला आला. त्यांचे वडीलही कायद्याच्या क्षेत्रातले, मुलगाही वकील. २६/११ चा आरोपी कसाब याने बिर्याणी मागितल्याची गोष्ट आपणच रचली होती, असं त्यांनी २०१५ साली जाहीरपणे सांगितलं. मामांनी ती बातमी वाचून पेपर घडी करून ठेवला आणि एवढंच म्हणाले, "रेकॉर्डवर जे आलं त्यावर शिक्षा झाली. लोकांच्या ध्यानात मात्र बिर्याणी राहिली. ऐकीव गोष्टीची ताकद बघ."

मामांच्या वाट्याला असले खटले आले नाहीत. त्यांचं जग वाटपाचे दावे, बांधावरच्या मारामाऱ्या, पोटगीचे अर्ज आणि फितूर झालेले पंच यांचं. पहाटे आंघोळ, देवपूजा, दासबोधाचा एक समास; मग बैठकीत पक्षकार. कुणी केळीचा घड ठेवून जाई, कुणी फी पुढच्या हंगामात देतो म्हणे. अकराला कोर्ट. पट्टेवाल्याचा पुकारा, तारीख, रोजनामा, पुन्हा तारीख. साक्षीदार अहिराणीत बोले, कागदावर प्रमाण मराठी उतरे आणि त्या दोन भाषांमधल्या फटीतून खटले सुटत किंवा बुडत. संध्याकाळी घरी आले की बूट काढण्याआधी मामीला विचारत, "आईने जेवण केलं का?" रविवारी वकीलपत्र घेत नसत, तो दिवस आम्हा भाच्यांचा.

त्यांच्या एका दाव्याची गोष्ट सांगून थांबतो. नावं, गाव सांगत नाही. दोन सख्खे भाऊ, मध्ये सात एकर. मोठा म्हणे वडिलांनी हयातीतच वाटणी केली, तशी याद लिहिली होती. धाकटा म्हणे असा कागदच नाही. मोठ्याकडे होती झेरॉक्स. धाकट्याच्या बाजूने मामा उभे. त्यांनी नेहमीचा प्रश्न टाकला, "मूळ प्रत कुठे आहे?" आणि मोठा भाऊ गप्प झाला. दावा जिंकल्यात जमा होता.

त्या रात्री मामा जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी पक्षकाराला विचारलं, "तुझ्या घरी पोथी कोण वाचतं?" म्हणाला, आई; तीही डोळे गेल्यापासून नुसती उघडून बसते. मामा एस.टी.ने त्या गावी गेले. म्हातारी देवघरापुढे बसली होती. मामांनी पायाला हात लावला आणि विचारलं, "माय, कागद तुझ्याकडे आहे का?" तिने बराच वेळ उत्तर दिलं नाही. मग पोथीचं लाल फडकं सोडलं. आतल्या पुठ्ठ्याखाली तो कागद होता, घड्यांवर फाटलेला, खाली नवऱ्याचा अंगठा. बत्तीस वर्षांचा. तो बाहेर काढला तर एक लेक हरतो, लपवला तर दुसरा. म्हणून तिने तो देवाच्या ताब्यात दिला होता.

"मग काय केलंत?" मी विचारलं. कागद तर मामांच्या पक्षकाराच्या विरुद्ध होता.

"काय करणार? तीस वर्षांच्या वरचा दस्त, आईच्या ताब्यातून आलेला. धाकट्याला समोर बसवलं. म्हटलं, आता तूच वाच, आईला ऐकू दे." त्याने वाचला. पुढच्या तारखेला तडजोडीची पुरसीस दाखल झाली. मामांची फी बुडाली. मामीने चार दिवस ते ऐकवलं.

मामा गेले त्याला आता काही वर्षं झाली. दिवाळीला जळगावला गेलो की मामी लक्ष्मीपूजनात नव्या वर्षाच्या वहीशेजारी त्यांचा दासबोध ठेवते. धुळ्याच्या आवृत्तीवरून छापलेला, मामांच्या वडिलांनी घेतलेला. पानांच्या समासात दोन अक्षरं आहेत, एक शाईचं, एक पेन्सिलीचं. शाईचं आजोबांचं आणि पेन्सिलीचं मामांचं, असं मामी सांगते. गेल्या वर्षी भाचीने तिला विचारलं, "तू देखं का आयकं?"

मामी म्हणाली, "देखं."